सरवा : मुलांना औदार्य शिकविताना

रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात 'औदार्य' हा पाठ आला, की आपल्यापैकी बहुतेकांच्या हाताशी एक ठरलेला दाखला असतो. वृक्ष आपली फळे आपण खात नाहीत, नद्या आपले पाणी आपण पीत नाहीत. तद्वत मुलांनो, तुम्हीही इतरांसाठी जगावे. हा दाखला संस्कृत सुभाषितांतून शालेय पुस्तकांत आला, तेथून आपल्या प्रवचनांत स्थिरावला, आणि त्याची गोडी कोणी नाकारणार नाही. मुले माना डोलावतात. पाठ संपतो. मग खाऊ वाटण्याची वेळ येते, आणि पाच मिनिटांपूर्वी वृक्षाप्रमाणे जगण्यास तयार झालेली तीच मुले रांगेत एकमेकांना कोपराने ढकलू लागतात.

ह्यात मुलांचा दोष मानू नये. आपण सांगितले ते त्यांच्या अनुभवाशी कोठे जुळलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ. सृष्टीच्या साह्याने मुलांना औदार्य शिकविता येते, ह्याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. परंतु सृष्टीला उदार माणसाच्या जागी उभे करून ते साधत नाही. सृष्टी मुलाला प्रथम स्वतःकडे घेणारा म्हणून पाहावयास शिकविते. आपल्याला किती मिळाले आहे हे ज्याने डोळे उघडून पाहिले, त्याच्या मुठीतून दुसऱ्यासाठी काही सुटते. हा क्रम उलटा केला, की पाठ कोरडा पडतो.

वृक्ष दाता आहे काय?

दाखल्याच्या बाजूने एक मोठी साक्ष आहे, ती आधी मांडली पाहिजे. चौथ्या शतकातील कप्पदुकियाचे संत बेसिल ह्यांनी लूकच्या शुभवर्तमानातील मूर्ख धनवानाच्या दृष्टांतावर (लूक १२:१६-२१) जे प्रवचन केले, त्यात भूमीचे अनुकरण करण्याचा उपदेश स्पष्ट आहे : भूमी पीक देते ते स्वतः उपभोगण्यासाठी नव्हे. मात्र त्यांचे श्रोते कोठारे बाळगणारे प्रौढ श्रीमंत होते. निर्जीव मातीहूनही तुम्ही उणे ठरावे काय, असा तो टोमणा होता, आणि तो लाजविण्यासाठीच योजलेला होता. आठ वर्षांच्या मुलापाशी कोठार नसते. त्याला लाजवून आपण काय साधणार?

शिवाय मुले आपल्यापेक्षा अधिक बारकाईने पाहतात. बेळगावच्या पश्चिमेकडील एका खेड्यात आंब्याच्या झाडाखाली वर्ग चालू असताना एका मुलीने वर बोट दाखवून विचारले, "फादर, ते बांडगूळ आंब्याला काय देते?" प्रश्न बिनतोड होता. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मूळ घुसवून त्यातील पाणी व क्षार शोषून घेते. त्याचे चिकट बी फुलटोचा नावाचा चिमुकला पक्षी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतो. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. ज्या वडाच्या सावलीचे आपण गुणगान करतो, तो वड पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजून, त्याला मुळ्यांनी वेढून, कालांतराने गुदमरवून मोठा झालेला असतो. वडोदऱ्याचे नावच वडावरून पडले असे म्हणतात. तेथील धर्मशिक्षकांना ह्याचे नमुने शोधावयास दूर जावे लागू नये.

अशा प्रश्नाने गडबडून जाऊन धर्मशिक्षकाने विषय बदलू नये. सृष्टीत देणेही दिसते आणि लुबाडणेही दिसते. उंबर आणि त्याच्या फळात शिरणारी चिमुकली माशी ह्यांच्यासारखी देवघेवही दिसते, जेथे उंबराचे परागीभवन माशीवाचून होत नाही आणि माशीची वीण उंबरावाचून होत नाही. ह्यांपैकी कोणालाच आपण उदार वा कृपण म्हणू शकत नाही, कारण औदार्य हा इच्छाशक्तीचा गुण आहे. ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याच्याच 'घे' ह्या शब्दाला मोल असते. आंब्याला 'नाही' म्हणता येत नाही.

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत सुभाषितापेक्षा अधिक सावध आहे. सृष्टीचे सर्वांत विस्तृत वर्णन करणारे स्तोत्र १०४ पुन्हा वाचून पाहावे. त्यात झाडे आहेत, पण ती दाते म्हणून आलेली नाहीत. परमेश्वराच्या पावसाने तृप्त होणारी म्हणून आली आहेत (वचन १६). सिंहाचे छावेसुद्धा तेथे देवाजवळ अन्न मागतात (वचन २१). देणारा हात एकच आहे, आणि तो उघडला म्हणजे सर्व प्राणी तृप्त होतात (वचन २७-२८). बांडगुळाविषयी विचारणाऱ्या मुलीला ह्या स्तोत्रात जागा मिळते : आंबा घेतो, बांडगूळ घेते, पक्षी घेतो, आणि तिनेही आज सकाळी भाकरी घेतली आहे. मग देणारा कोण, हा पुढचा प्रश्न ती आपण होऊन विचारते.

पाहणे

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू रानातील फुलांकडे लक्ष वेधतो, तेथे मूळ ग्रीक क्रियापद 'कातामाथेते' असे आहे (मत्तय ६:२८). नीट पाहून शिका, अभ्यासा, असा त्याचा भाव आहे, आणि नव्या करारात हे क्रियापद ह्या एकाच ठिकाणी आढळते. लूक कावळ्यांविषयी 'कातानोएसाते' म्हणतो (१२:२४). लक्ष लावून विचार करा. दोन्ही आज्ञा आहेत. फुलासारखे व्हा, कावळ्यासारखे व्हा, असे प्रभू म्हणत नाही. त्यांच्याकडे पाहा आणि त्यांना कोण पोसतो हे ओळखा, असे म्हणतो. आपण मात्र पाहण्याचा भाग गाळून सरळ तात्पर्यावर उडी मारतो. फुलामुलांचे कवी म्हणून ज्यांची ओळख आहे ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) आपल्या पाखराच्या कवितेत मुलांना आधी घायाळ पाखराचा शेवट पाहावयास लावतात. उपदेशाची घाई करीत नाहीत. ती कविता मुलांच्या लक्षात का राहते, ह्याचे कारण येथेच असावे.

हल्ली शहरी शाळांत 'माइंडफुलनेस' ह्या नावाने मुलांना श्वासाकडे, आवाजांकडे लक्ष देण्याचे पाठ दिले जातात, आणि हैदराबाद वा इंदूर येथील पालक आपल्याला विचारतात की हे ख्रिस्ती मुलांना चालेल काय. ह्या पद्धतीचे मूळ बौद्ध साधनेतील 'सति' म्हणजे स्मृती-सजगता ह्यात आहे. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन ह्यांनी तिला रुग्णांच्या ताणनिवारणासाठी धर्मनिरपेक्ष रूप दिले. तिच्याविषयी बिचकण्याचे कारण नाही. अंतःकरणाच्या जागरूकतेला वाळवंटातील आमच्या साधुपित्यांनीही 'नेप्सिस' हे नाव देऊन तिची साधना केली. फरक हेतूचा आहे. केवळ आपले मन शांत व्हावे एवढ्यासाठी लक्ष दिले, तर ते स्वतःपाशीच परत येते. धर्मशिक्षणात लक्ष बाहेर जावे लागते, दुसऱ्याकडे.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेय (१९०९-१९४३) ह्यांनी ह्यावर फार मोलाचे लिहून ठेवले आहे. १९४२ मधील एका निबंधात त्यांचे प्रतिपादन असे, की शालेय अभ्यासाचा खरा उपयोग अवधान वाढविण्यात आहे. भूमितीचे उदाहरण सुटले नाही तरी त्यावर लावलेले लक्ष वाया जात नाही, कारण हेच लक्ष पुढे प्रार्थनेत लागते आणि दुःखी माणसाला 'तुला काय होते आहे?' असे विचारण्याच्या कामी येते. दुसऱ्याला आपले संपूर्ण लक्ष देणे हेच त्या औदार्याचे एक दुर्मिळ रूप मानीत. मंदिरातील दानपेटीपुढील प्रसंग ह्या दृष्टीने वाचावा. विधवेच्या दोन टोल्या तेथे जमलेल्या गर्दीत कोणाच्याही नजरेस आल्या नसत्या. प्रभू पेटीसमोर बसून पाहत होता (मार्क १२:४१) म्हणून त्या आपल्याला ठाऊक झाल्या. आपण हा उतारा मुलांना सांगतो तेव्हा टोल्यांवर बोलतो, प्रभूच्या त्या बसून पाहण्यावर सहसा बोलत नाही.

संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या आध्यात्मिक साधनेतील शेवटचे चिंतन ह्याच क्रमाने जाते : प्रथम मिळालेल्या देणग्यांचे स्मरण, आणि त्यातून उमटणारे आत्मार्पण, मग वनस्पतींत, प्राण्यांत, माणसांत वास करणाऱ्या, श्रम करणाऱ्या देवाचे दर्शन. आपल्या मिस्सेतील अर्पणविधीही भाकर अर्पिताना ती तुझ्याकडूनच मिळाली असे आधी कबूल करतो. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात (२२६-२२७) रानफुलांकडे पाहणाऱ्या येशूच्या त्या दृष्टीचा आणि जेवणाआधी व नंतर केलेल्या आभारप्रार्थनेचा संबंध एकत्र जोडला आहे. घरी ही प्रार्थना मागे पडत चालली असेल, तर औदार्यावरील आपल्या पाठांना पायाच उरणार नाही.

सरवा

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येऊ. पीक कापून झाल्यावर शेतात गळून, विसरून, राहून गेलेली कणसे वा शेंगा म्हणजे सरवा. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात लेवीय १९:९ येथे हाच शब्द योजला आहे, आणि बेळगावकडे भुईमूग काढल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा वेचणाऱ्या बायकांना तो शब्दकोशात पाहावा लागत नाही. शहरातील मुलांना तो ठाऊक नसतो. तो त्यांना शिकवावा, कारण औदार्याची शास्त्रातील सर्वांत ठोस शिकवण त्यात साठलेली आहे.

नियम असा : शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, पडलेले वेचू नये, द्राक्षमळा खुडून निःशेष करू नये, ते गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावे (लेवीय १९:९-१०). विसरलेली पेंढी आणावयास परत जाऊ नये; जैतुनाचे झाड एकदा झोडपल्यावर पुन्हा फांद्या झोडपू नयेत (अनुवाद २४:१९-२१). लेवीय २३ मध्ये सणांची यादी चालू असताना, सप्ताहांच्या सणानंतर लगेच, हा नियम पुन्हा एकदा येतो (वचन २२). उपासनेच्या मध्येच शेताची कड आठवावी, असा त्या मांडणीचा अर्थ आपण घेऊ शकतो.

येथे कोणी कोणाला काही हातात देत नाही. मालक थांबतो, गरीब स्वतः शेतात येतो, स्वतःच्या हाताने खुडतो आणि ताठ मानेने घरी जातो. पुढे यहुदी धर्मशास्त्र्यांनी मिश्नातील 'पेआ' ह्या प्रकरणात ह्याचे तपशील ठरविले. कड उभ्या पिकातच सोडावी. किमान साठावा भाग असावा. शास्त्राने मात्र वरची मर्यादा घातलेली नाही. ज्याचे आहे त्याने ते न्यावे, ही दृष्टी त्यामागे आहे. आपल्याकडील बलुत्याशी ह्याची गल्लत करू नये. बलुते हा राबून मिळवलेला हक्क होता, तरी खळ्यावर हात पसरून, जातीची पायरी सांभाळून तो घ्यावा लागे.

हे सांगताना आवाज थोडा खाली आणावा लागतो, कारण वर्गातील काही मुलांच्या पणज्यांनी सरवा वेचलेला असतो. दुष्काळात, भूमिहीन घरांत, तो वेचण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, आणि तो वेचताना शिव्याही ऐकाव्या लागत. एका धर्मग्रामात हा पाठ झाल्यावर एक वृद्धा पुढे आली आणि मुलांना म्हणाली, "आम्ही वेचत होतो. पण सगळ्याच शेतांत शिरू देत नसत." तिचे बोलणे मुलांनी माझ्यापेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकले. असे अनुभव धर्मग्रामात असतील, तर धर्मशिक्षकाने ते झाकू नयेत. ते सांगणाऱ्यांना, त्यांची इच्छा असेल तर, वर्गात बोलवावे. सरव्याच्या नियमाचे कारण शास्त्र कोणत्या शब्दांवर ठेवते हे तेव्हा मुलांना समजते : तू मिसर देशात दास होतास ह्याची आठवण ठेव, म्हणून मी तुला ही आज्ञा करतो (अनुवाद २४:२२ चा आशय). ज्याच्या घराला घेतल्याची आठवण आहे, त्याला कडा सोडता येतात. रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास आली, दिवसअखेर झोडपून एफाभर जव घेऊन सासूकडे गेली (रूथ २:१७), आणि प्रभूच्या वंशावळीत तिचे नाव आहे (मत्तय १:५). सरवा वेचणारी आपल्या प्रभूची पूर्वज आहे, हे वाक्य मुलांना एकदा स्पष्ट उच्चारून सांगावे.

गोव्यातील धर्मशिक्षकांना आणखी एक सोय आहे. तेथे ऑगस्ट महिन्यात नव्या भाताच्या कणसांचा आशीर्वाद होतो. राय येथील सण पाच ऑगस्टला असतो. पहिले कणीस देवापुढे ठेवावयाचे (अनुवाद २६) आणि शेवटचे कापावयाचे नाही, ही दोन टोके मुलांना एकत्र दाखवावी. मधले सारे आपले. (उसाच्या पट्ट्यात ही अडचण येते, की उसाचा सरवा कोणी पाहिलेला नसतो, सारे वजनावर कारखान्यात जाते. तेथे भाताचे किंवा भुईमुगाचे शेत शोधावे.)

वर्गात

मुलांना पैसे आणावयास सांगून औदार्य शिकविण्याची आपल्याकडे फार मोठी प्रथा आहे. उपवासकाळातील पेट्या, मिशन रविवारची वर्गणी, कोणत्या वर्गाने अधिक जमविले ह्याची चढाओढ. ते पैसे गरजूंपर्यंत पोहोचतात, ते चांगलेच आहे. परंतु मुलाने दिलेले नाणे बापाचे असते, आणि मुलाला ते ठाऊक असते. दोन वर्षांहून लहान मुलांवर केलेल्या एका अभ्यासात (कॅनडा, २०१२) असे आढळले, की खाऊ मिळण्यापेक्षा देताना मुले अधिक आनंदी दिसतात, आणि संशोधकाने हाती ठेवलेल्या खाऊपेक्षा स्वतःच्या वाटीतील खाऊ देताना तर अधिकच. जर्मनीतील २००८ सालच्या एका प्रयोगात, मदत केल्याबद्दल बक्षीस मिळालेली वीस महिन्यांची मुले पुढे, बक्षीस थांबल्यावर, इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. संतांची चित्रे हे बक्षीस म्हणून वाटणाऱ्या आपण सर्वांनी ह्यावर थोडे थांबून विचार करावा. चित्रे सणाला सर्वांना द्यावीत. चांगल्या कृत्याचा मोबदला म्हणून नकोत.

वर्षभरासाठी एकच झाड निवडावे. चर्चच्या आवारातील आंबा, फणस, उंबर, जे असेल ते. दर महिन्याला एकदा मुलांनी त्याखाली पाच मिनिटे न बोलता बसावे. पाच मिनिटे लहान मुलांना फार होतात. मारिया माँटेसरी ह्यांचा मौनाचा खेळ येथे उपयोगी पडतो. मुले स्तब्ध बसतात, शिक्षिका दुसऱ्या खोलीतून वा झाडाआडून एकेकाचे नाव कुजबुजते, आणि ज्याचे नाव आले त्याने पाऊल न वाजविता उठून यावयाचे. शेवटचे नाव येईपर्यंत वाट पाहणाऱ्या मुलाचा संयम पाहण्यासारखा असतो. साहित्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी कोसबाडला बिया, खडे, पाने, शिंपले ह्यांवर शिक्षण उभे केले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. आपल्याला निदान वर्ग अंगणात नेता यावा.

मौनानंतर एकच प्रश्न : आज ह्या झाडावर कोण कोण जेवले? तात्पर्य सांगू नये. यादी मुलांनी करावी. मुंग्या आणि बांडगूळ गाळू नये. झाडाला पाणी कोठून मिळाले, हाही प्रश्न कधीतरी येतोच. काही महिने झाले, की दुसरा प्रश्न विचारावा : तुझ्या शेताची कड कोणती? शेत नसलेल्या मुलांनाही कडा असतात. डब्यातील एक कोपरा, खेळातील आपली पाळी, नव्या खडूंच्या पेटीतील एक रंग, घरी आजीजवळ बसण्याची दहा मिनिटे. कड कोणती आणि किती, हे मुलाने ठरवावे आणि कोणाला न सांगता सोडावे. वर्गात त्याचा हिशेब घेऊ नये. धर्मशिक्षकाला हे कठीण जाते, कारण अहवालात लिहावयास काही उरत नाही.

आंबे उतरविताना शेंड्यावरची चार फळे झाडावर राहू द्यावीत, हा उपक्रम मुलांना फार आवडतो. मात्र वटवाघळांनी वा खारींनी कुरतडलेले, खाली पडलेले फळ मुलांना खाऊ देऊ नये. ह्या बाबतीत आरोग्याचा धोका खरा आहे. गच्चीवर पाखरांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे उथळ असावे आणि पाणी रोज बदलावे, नाहीतर त्यात डास होतात. हे काम मुलांनी पाळीने करावे. सुट्टीत ते कोण करणार हे आधी ठरवावे, कारण पाण्याची सवय लागलेली पाखरे मे महिन्यात अधिक येतात.

उपवासकाळासाठी सावर किंवा पळस उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झडून झाड उघडे पडते आणि त्याच वेळी फुलांनी लगडते. मैना, कावळे, बुलबुल, कोतवाल, सातभाई सारे मधासाठी त्यावर येतात, आणि त्यांच्या चोचींना लागून पराग पुढे जातो. पाने नसल्यामुळे सर्व पाहुणे स्वच्छ दिसतात व मोजता येतात. हा पाठ सकाळच्या मिस्सेनंतर लगेच घ्यावा. ऊन चढले, की पक्षी पांगतात, आणि मुलेही.